लाइटचा एमसीबी सारखा पडतोय? आधी तो कधी पडतो ते लिहून ठेवा

एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप खाली पडून लाइट तोडणारा स्विच. त्याच्याबद्दल सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या एका दादांनी विचारलंय, त्यांच्याच शब्दात थोडक्यात सांगतो: "२००९ चं घर आहे, वर-खाली. खालच्या हॉलचा आणि दोन बेडरूमचा लाइटचा एमसीबी दोन महिन्यापासून सारखा पडायलाय. ६ अँपचा आहे. कधी रात्री जेवताना, कधी सकाळी सकाळी, कधी चार-चार दिवस काहीच नाही. उचलला की कधी लगेच बसतो, कधी धा मिनिटं बसतच नाही. त्याच्यावर तेरा एलईडी, चार पंखे आणि हॉलमधला कूलर, एवढंच आहे. एक वायरमन म्हणाला १६ चा टाकतो, कटकट मिटंल. दुसरा म्हणाला अख्खी वायरिंग बदला. कुणाचं ऐकू?"

दोघांचंही नका ऐकू, निदान आत्ताच नको. १६ चा टाकतो म्हणणारा तर चुकीचंच सांगतोय. वायरिंग बदला म्हणणारा कदाचित बरोबरही असेल, पण त्यानं काय तपासलं, कुठलं मीटर लावलं हे तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणजे बहुतेक दारातनंच अंदाज सांगून गेला असणार.

मी वायरमन आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. पहिली सहा-सात वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली, टॉवेल-चादरीच्या मागाच्या मोटरी आणि स्टार्टर एवढंच, नंतर घरगुती कामात आलो. शेडमधले आमचे उस्ताद म्हणायचे, पडलेल्या स्विचला हात लावायच्या आधी घड्याळ बघ. तेव्हा आम्ही पोरं हसायचो, आता गिऱ्हाइकाला मी तेच सांगतो आणि ती माझ्याकडं बघून हसतात.

तुमचा खरा प्रश्न किती अँपचा एमसीबी पाहिजे हा नाहीच. तो का पडतोय आणि दर वेळी एकाच कारणानं पडतोय का, हा आहे. "कधी लगेच बसतो, कधी धा मिनिटं बसतच नाही" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला तुमच्या सगळ्या लिहिण्यात तेच सगळ्यात कामाचं वाटलं. एमसीबीच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक दोन धातूंची पट्टी, ती जास्त करंट गेला की हळूहळू तापते, वाकते आणि खटका सोडते. दुसरी कॉइल, तिला वेळ लागत नाही, शॉट, म्हणजे शॉर्ट सर्किट, झाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडते. पट्टीनं पाडला असेल तर ती थंड होईपर्यंत खटका नीट धरत नाही, म्हणून तुम्हाला थांबावं लागतं. कॉइलनं पाडला असेल तर दोनच गोष्टी होतात, शॉट अजून तिथंच असेल तर उचलता क्षणी टक करून परत पडतो, आणि शॉट सुटला असेल, म्हणजे वायर हलून बाजूला झाली असेल, तर निमूट बसतो. तुमच्याकडं दोन्ही प्रकार दिसतात. म्हणून मला वाटतं तुमच्या घरात एक नाही, दोन दोष आहेत, आणि दोन वेगळे दोष एकच समजून शोधत बसलं की माणूस दमतो आणि शेवटी १६ चा टाकतो.

आता घर मी बघितलेलं नाही, त्यामुळं पुढचं सगळं जर-तरचं आहे. सगळ्यात पहिला जर असा, की जो पडतोय तो एमसीबीच आहे ना? हे विचारायचं कारण आहे. आपल्याकडं डीबीच्या, म्हणजे घरातले सगळे खटके एकत्र असतात त्या बॉक्समध्ये जे जे काळं-निळं खटक्याचं असतं त्याला लोक एमसीबीच म्हणतात. पण त्यात एखाद्यावर छोटं बटण असेल आणि बाजूला इंग्रजी टी लिहिलेलं असेल, तर तो आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच. त्याचं काम वेगळं. तो किती करंट गेला ते बघत नाही, फेजनं गेलेला सगळा करंट न्यूट्रलनं परत आला का ते बघतो. घरगुती ३० मिलीअँपचा असतो, म्हणजे एवढीशी गळती जमिनीत किंवा माणसाच्या अंगातनं गेली तरी तो पडायला पाहिजे. एमसीबीला असल्या गळतीचा पत्ताही लागत नाही, त्याला अँपमध्ये करंट लागतो. म्हणून ओल आली म्हणून पडला असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, नक्की कोण पडला.

याची गोष्ट सांगतो. जुळे सोलापूरला एका घरी असंच, "एमसीबी पडतोय, तीन वायरमन झाले". गेलो तर पडत होता आरसीसीबी. पण मी गेलो त्या दिवशी सगळं ठणठणीत, मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला तरी रीडिंग चांगलं. घरच्या काकूंना म्हणालो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी पडेल त्या दिवसाला फुली मारा आणि वेळ लिहा. दोन आठवड्यांनी परत गेलो. काकूंच्या कॅलेंडरवर आधीपासनं चार-पाच दिवसाआड एक गोल असायचा, पाणी यायच्या दिवसाचा, आपल्याकडं ते लिहूनच ठेवावं लागतं. आणि माझ्या फुल्या बरोब्बर त्या गोलांवर बसलेल्या, सगळ्या पहाटेच्या. त्या काकूच म्हणाल्या, "अगंबाई, पाण्याचा आणि लाइटचा काय संबंध?" संबंध असा होता, की नळाला पाणी आलं की मोटार लावून घरातले परत झोपायचे, गच्चीवरची टाकी भरून वाहायची, ते पाणी स्लॅबवर साचायचं आणि जिन्याच्या डोक्यावरच्या लाइटच्या पाइपात उतरायचं. स्लॅबच्या पाइपात कुणीतरी जोड मारून ठेवलेला, त्याची टेप कुजलेली. मेन बंद करून मी जिन्याच्या लाइटचा बॉक्स उघडला तर वायरीच्या कडेनं पाणी ओघळत माझ्या मनगटावर आलं. दोन दिवस ऊन लागलं की सगळं वाळून जायचं आणि मीटर म्हणायचं सगळं ठीक आहे. तेवढ्या भागाची वायर बिनजोड ओढली, आणि टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक बसवायला प्लंबर बोलवा म्हणालो. लाइटचा दोष अर्धा प्लंबरनं काढला असं ते घर अजून सांगतं.

तर तुमचा टी बटणवाला असेल तर ओल, बाहेरचा गेटचा लाइट, बाथरूमचा बल्ब, कूलरचा पंप, इन्व्हर्टर, या क्रमानं बघायचं. आणि एक गोष्ट त्यात अनुभवी वायरमनलासुद्धा चकवते. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल नाही. एका पोलचा एमसीबीसुद्धा फक्त फेज तोडतो. त्यामुळं सगळी बटणं बंद, एमसीबी खाली, तरी कुठं न्यूट्रलची वायर सोलून अर्थला किंवा ओल्या भिंतीला लागली असेल आणि घरात दुसरीकडं काही चालू असेल तर आरसीसीबी पडतच राहतो. तिथं त्या सर्किटची न्यूट्रल डीबीच्या पट्टीतनं सोडवून बघितल्याशिवाय पत्ता लागत नाही.

इन्व्हर्टरचं पण याच जातीतलं. बऱ्याच घरात इन्व्हर्टर मागाहून बसतो, बसवणारा घाईत असतो, लाइटची फेज इन्व्हर्टरमधनं येते आणि न्यूट्रल भलत्याच सर्किटची वापरली जाते. मग करंट जातो एका वाटेनं, येतो दुसऱ्या वाटेनं, आणि आरसीसीबीला वाटतं गळती झाली. तुमच्याकडं दोन महिन्यांपूर्वी इन्व्हर्टर, वॉटर प्युरिफायर, पीओपीचं छत, पडद्याचे ब्रॅकेट, टीव्हीचा स्टँड, यातलं काही बसवलं का ते आठवा. भिंतीत ड्रिल मारला आणि त्याच आठवड्यात त्रास सुरू झाला असं मी इतक्यांदा बघितलंय, की मी आता भिंतीकडं आधी बघतो आणि डीबीकडं नंतर.

आता तो खरंच साधा एमसीबी आहे असं धरून चालू, कारण तुम्ही ६ अँप लिहिलंय आणि आरसीसीबी सहसा २५ नाहीतर ४० चा असतो.

हिशोब करू. तेरा एलईडी नऊ-नऊ वॅटचे धरले तर ११७ वॅट. चार पंखे जुन्या पद्धतीचे असतील तर ७५ च्या हिशोबानं ३००. कूलर २०० धरा. सगळे मिळून ६१७ वॅट, २३० व्होल्टला पावणेतीन अँपच्या आत. ६ अँपचा एमसीबी १३८० वॅटपर्यंत आरामात चालतो. म्हणजे तुमच्या लिस्टप्रमाणं पट्टी तापून पडायचं काहीच कारण नाही, आणि तरी तो तापून पडतोय. मग दोनच शक्यता, एकतर लिस्टमध्ये काहीतरी राहिलंय नाहीतर एमसीबीपाशीच गरम होतंय.

लिस्टमध्ये काय राहतं सांगू? इस्त्री. लिस्ट तुम्ही केली, इस्त्री घरात दुसरं कुणीतरी करत असेल. बेडरूमच्या बोर्डावर ती जी छोटी ५-६ अँपची सॉकेट असते ती लाइटच्याच सर्किटवर असते, आणि रात्री जेवणानंतर नाहीतर सकाळी कामाला जायच्या आधी तिथं इस्त्री लागते, कुठं किटली लागते. १००० वॅटची इस्त्री म्हणजे ४.३ अँप, वरचे २.७ धरून झाले ७. आता मजा बघा. आपल्याकडच्या मानकाप्रमाणं एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीला तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. ६ अँपला हे होतात ६.७८ आणि ८.७. तुमचे ७ अँप बरोबर दोन्हींच्या मधल्या अधांतरी जागेत आहेत, तिथं तो पडला तरी चूक नाही, नाही पडला तरी चूक नाही. मग कोण ठरवतं? हवा ठरवते. हे आकडे ३० डिग्रीच्या हवेला बांधलेत. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बाहेरच ४२-४३ असतं, डीबी पश्चिमेच्या भिंतीत असेल तर संध्याकाळपर्यंत भिंत तव्यासारखी, बॉक्सच्या आत त्याहून जास्त, आणि शेजारी एसीचा एमसीबी तासन्‌तास चालून गरम झालेला. पट्टी आधीच निम्मी वाकलेली असते, मग ७ अँपला पडते. म्हणून कधी पडतो, कधी चार दिवस काही नाही.

पण नुसत्या उन्हाला दोष देऊ नका. २.७ अँपवर चाललेला ६ चा एमसीबी सोलापूरच्या उन्हानं एकट्यानं पडत नाही.

दुसरी शक्यता सैल स्क्रू. एमसीबीच्या खालच्या-वरच्या तोंडाला जी वायर घट्ट आवळलेली असते ती वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ढिली पडते. ढिल्या जागी उष्णता होते, ती थेट आतल्या पट्टीला पोचते, आणि करंट कमी असूनही एमसीबी पडतो. ओळखायचं कसं, तर पडल्या पडल्या हाताच्या पाठीनं त्याच्या समोरच्या प्लास्टिकला हलकं लावून बघा, धातूला नाही, शेजारच्यांपेक्षा तो चटका देण्याइतका गरम असेल तर तिथंच काहीतरी आहे. मी असे काढलेत त्यातल्या निम्म्यांची वायर टोकाला तपकिरी झालेली असते, इन्सुलेशन बिस्किटासारखं कडक, वाकवलं की तुटतं. अशी वायर दोन इंच कापून, नवीन सोलून घट्ट बसवायची आणि एमसीबी बदलायचा, पण बदलायचा ६ चाच.

१६ चा का नको ते आता कळेल. लाइटच्या सर्किटला दीड स्क्वेअर एमएमची वायर असते, आणि कितीतरी घरात बटणापासनं होल्डरपर्यंत तर एकच एमएम. एकेका पाइपात सहा-सात वायरी कोंबलेल्या. वरचाच हिशोब १६ ला लावा. १८ अँपपर्यंत तो तासभर पडायचा नाही आणि २३ अँपला पडायला तासापर्यंत वेळ घेईल. तेवढ्या वेळात भिंतीतली वायर काय होते ते मी एकदा हॉटेलच्या कामात बघितलंय, पाइपातनं वायर ओढली तर तांबं बाहेर आलं आणि रबर पाइपालाच चिकटून राहिलं. एमसीबी तुमच्या बल्बसाठी नसतो हो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. १६ चा टाकला की कटकट मिटते हे खरं, कारण मग ओरडायलाच कोणी उरत नाही.

लगेच बसतो तो दुसरा दोष राहिला. याच्यात माझा पहिला संशय पंख्यावर. पंख्याच्या रॉडमधनं वायर खाली येते, वर हुकापाशी आणि खाली मोटारीपाशी रॉडची कड धारदार असते, बोल्ट असतो. पंखा वर्षानुवर्षं डुलतो, वायर घासते, आणि एका जागी तांबं उघडं पडतं. सावकाश फिरताना काही नाही, पाचावर टाकला की रॉड हलतो, तांबं रॉडला टेकतं, टक, एमसीबी खाली. पंखा थांबला की वायर परत सुटते, मग तुम्ही उचलता आणि तो बसतो. मुरारजी पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मी यासाठी दोन चकरा मारल्या, तिसऱ्या वेळी आजोबा म्हणाले, "मला उकडलं की पडतो." सगळे हसले. पण खरंच होतं, आजोबांना उकडलं की ते रेग्युलेटर पाचावर फिरवायचे.

त्यात एक चांगली बातमीही आहे. फेज रॉडला लागली आणि एमसीबी पडला, याचा अर्थ त्या पंख्यापर्यंत तुमचं अर्थिंग शाबूत आहे. अर्थिंग नसतं तर एमसीबी मुळीच पडला नसता, रॉडला करंट राहिला असता आणि पंखा पुसायला स्टुलावर चढलेल्या माणसाला कळलं असतं.

तर आत्तापर्यंत एवढं: टी बटण आहे का बघा. थांबून बसतो तेव्हा इस्त्री, किटली, सैल स्क्रू यांच्याकडं बघा. लगेच बसतो तेव्हा हलणाऱ्या गोष्टींकडं, म्हणजे पंखा, लटकता दिवा, दार आपटतं त्या भिंतीवरचा बोर्ड. उचलताच पडतो आणि बसतच नाही, असं झालं तर पक्का शॉट आहे, दोनदाच उचलून बघा, तिसऱ्यांदा उचलू नका.

तुम्ही स्वतः काय करायचं? बोर्ड उघडायचा नाही, डीबीचं झाकण काढायचं नाही. हे भीती घालायला सांगत नाही. एमसीबी पाडला तरी त्याच्या वरच्या बाजूला वीज असतेच, आणि आपल्या गल्लीत कुणी फेज-न्यूट्रल उलटं जोडून गेलं असेल तर बटण बंद करूनही होल्डरला करंट राहतो. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, यावर पण विश्वास ठेवायचा नाही.

एक वही घ्या, डीबीजवळ पेन बांधून ठेवा. पडला की उचलायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, काय काय चालू होतं, नळाला पाणी आलं होतं का. आणि उचलल्यावर चौथी, लगेच बसला का थांबावं लागलं. घरातल्या सगळ्यांना सांगा, कारण तो पडतो तेव्हा दर वेळी तुम्ही घरी असालच असं नाही. लाइट जाऊन आल्यावर पडत असेल तर तेही लिहा. पीओपीत एकाच बटणावर डझनभर एलईडी असतील तर सगळ्यांचे ड्रायव्हर एकदम चार्ज होतात, क्षणभर मोठा करंट ओढतात, आणि एमसीबी बी जातीचा असेल तर उगीच पडतो. बी जातीचा ३ ते ५ पटीला झटक्यात पडतो, सी जातीचा ५ ते १० पटीला. एमसीबीवर बी ६ का सी ६ छापलेलं असतं, ते पण वहीत लिहून ठेवा, तिथं बी चा सी केला की भागतं.

मग रविवारी निवांत सगळी बटणं बंद करा, सगळ्या पिना काढा, एमसीबी वर करा. काहीच चालू नसताना पडला तर दोष भिंतीतल्या वायरीत किंवा बोर्डात, बटणाच्या अलीकडं. नाही पडला तर एकेक बटण लावत जा, मध्ये पाच-दहा मिनिटं सोडा, पंखे पाचावर पण लावून बघा. एखाद्या बटणालाच पडला तर दोष त्या बटणाच्या पलीकडं, तेवढंच बटण बंद ठेवा, बाकीचं घर चालू द्या. कधीतरीच पडणाऱ्याला हे एका दिवसात सापडत नाही, त्याला निम्मं घर दोन-तीन दिवस बंद ठेवायचं, मग दुसरं निम्मं. वेळ जातो, पण पैसे जात नाहीत.

वायरमन आला की तोही निम्मं-निम्मंच करतो, फक्त बोर्ड उघडून. मधल्या बॉक्सातली पुढं जाणारी जोडणी सोडवायची, अलीकडचं पडतं का पलीकडचं ते बघायचं, परत त्यातलं निम्मं. अठरा पॉइंट असले तरी चार-पाच वेळात जागा सापडते. माझ्या पिशवीत त्यासाठी एक जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब आहे, लाकडी होल्डरवर बसवलेला, आता तसे बल्ब दुकानात मिळायचे कमी झालेत म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवतो. मेन पाडून एमसीबीतनं सर्किटची वायर सोडवायची आणि मध्ये तो बल्ब सिरीजमध्ये लावायचा, मग मेन चालू. सर्किटमध्ये शॉट असेल तर बल्ब फुल पेटतो, नसेल तर मंद नाहीतर बंद. आणि शॉट झाला तरी बल्ब करंट अडवून धरतो, अर्ध्या अँपच्या पुढं जाऊ देत नाही, त्यामुळं एमसीबी पडत नाही आणि निवांत शोधता येतं. मुरारजी पेठेतल्या पंख्याला मी हेच केलं, लाकडी काठीनं रॉड ढोसला तर खाली डीबीपाशी माझा पोरगा ओरडला, "पेटला! गेला! पेटला!" हे घरच्या माणसानं करायचं काम नाही, पण वायरमनकडं असा बल्ब आहे का एवढं विचारायला हरकत नाही, असणारा माणूस सहसा शोधून काम करणारा असतो.

बारीकसारीक कारणं अजून असतात. बोर्डात पाल मरून पडलेली मी दर पावसाळ्यात काढतो. बेलच्या बटणात मुंग्या. मागाच्या शेडला लागून घर असेल तर कापसाचं बारीक तूस बोर्डात साचून गादी होते, पावसाळी हवेत ती ओल धरते. तुमच्याकडं विजापूर रोडला ते नसावं.

अख्खी वायरिंग बदलायची का, हे मेगरला विचारायचं. एलईडी, रेग्युलेटर, इन्व्हर्टर सगळं सोडवून ५०० व्होल्टचा मेगर एकेका सर्किटला लावायचा. एक मेगाओहमच्या खाली गेलं तर ते सर्किट वाईट. धडधाकट वायरिंग याच्या कितीतरी वर दाखवतं. २००९ चं घर म्हणजे तांब्याच्या वायरीला काही म्हातारपण नाही, कुठं तापली नसेल तर अजून बरीच वर्षं जाईल. एकच सर्किट वाईट निघालं तर तेवढंच ओढायचं. आणि पावसाळ्यात किंवा टाकी वाहिल्यावर मेगर लावा, उन्हात वाळलेल्या घराला नाही.

एक काम मात्र मी तुमच्याकडं कसंही करायला सांगेन. लाइटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट हा आपल्याकडचा जुना हिशोब आहे. तुमच्याकडं नुसते दिवे-पंखे सतरा आणि वर सॉकेट. त्याचे दोन करा, हॉलचा वेगळा आणि बेडरूमचा वेगळा, प्रत्येकाला ६ चा एमसीबी. एक पडला तर दुसऱ्या खोलीत उजेड राहतो आणि दोष शोधायला निम्मं घर आधीच वेगळं झालेलं असतं. आरसीसीबी नसेल तर त्याच वेळी बसवून घ्या. आणि अर्थिंगचा खड्डा कुठंय ते शोधा. आपल्याकडं पाऊस कमी, उन्हाळ्यात मुरूम खडखडीत कोरडा होतो आणि कोरडी जमीन करंट घेत नाही. म्हणून त्या खड्ड्यात पाणी ओतत राहायचं. नळाला पाणी रोज येत नाही हे मला माहीत आहे, भाजी धुतलेलं, प्युरिफायरनं बाहेर टाकलेलं पाणी चालतं, आठवड्याला एक बादली.

वही, रविवारची तपासणी, सर्किटचे दोन भाग, हे सवडीनं करा. कूलरचं मात्र आजच. तो पत्र्याचा असेल आणि त्याची पिन दोन पायांची असेल, नाहीतर तिसरा जाड पाय सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कुणी तोडला असेल, तर तो आज बंद करून ठेवा, तीन पायांची पिन आणि अर्थची वायर लागेपर्यंत लावू नका. पंप चोवीस तास पाण्यात असतो, त्याचं इन्सुलेशन गेलं की पत्र्याला करंट येतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरणारा माणूस घरात कोण असतो ते तुम्हाला माहीत आहे. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. कूलर बंद ठेवलेल्या दिवसात एमसीबी पडला का नाही, तेही वहीत लिहा.